चार वाजून दहाचं रक्त

"वेळेचं मला शिकवू नकोस," घड्याळकाका काकूंना म्हणाले. "अख्खं गाव माझ्याकडून घड्याळं लावून घेतं."

विषय रक्ताच्या तपासणीचा होता. काकांना उभं राहिलं की गरगरायचं, जिना चढताना पाय गळून जायचे आणि पँट पट्ट्याशिवाय कमरेवर ठरत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या दमल्यात का ते कॉर्टिसॉल तपासलं की कळेल. हे हार्मोन सकाळी भरपूर असतं आणि दिवसभर उतरत जातं, तेव्हा रक्त सकाळी आठलाच द्या. काकांच्या थोरल्या भावाने असंच गरगरतं गरगरतं म्हणत अंथरूण धरलं होतं. काकूंचा जीव टांगणीला लागला होता, पण काका ऐटीत निघाले.

ऐट लॅबमध्ये सुई दिसेपर्यंत टिकली. काकांनी डोळे घट्ट मिटले. बाहेर ही गर्दी, रक्त घेणारी मुलगी घाईत होती.

"काका, किती वाजले? नळीवर लिहायचंय."

काकांनी एक डोळा किलकिला करून मनगटाकडे पाहिलं आणि दुकानातल्या भारदस्त आवाजात सांगितलं, "चार वाजून दहा."

तिने मान वर न करता तसंच लिहिलं.

आता काकांची एक रीत होती. दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर स्वतःच्या हातात घालून फिरवायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायचं. त्या दिवशीचं घड्याळ पहाटेच गपगार पडलं होतं. दिवस कलल्यावर नोंदी करायला कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने विचार केला, पहाटे चारला कोण मेला रक्त देतो? त्याने दुपारचे चार करून टाकले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. दुपारच्या मानाने आकडा चांगलाच चढा आणि शेजारी लाल बाण.

"बाई ग्रंथी दमल्यात म्हणत होत्या, या तर उधळल्या," काकू पुटपुटल्या.

काका मटकन खुर्चीत बसले. "माझी हत्यारं भाचीला दे. तिचा हात थरथरत नाही."

"वाटण्या नंतर करा," काकू म्हणाल्या. "आधी चपला घाला."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "रक्त दुपारी दिलंत?"

"छे हो, सकाळी आठला. मी लॅबच्या दाराशीच उभी होते," काकू म्हणाल्या.

बाईंनी लॅबला फोन लावला, खात्री केली आणि हसल्या. "मग आकडा छान आहे. सकाळी एवढा हवाच. ग्रंथी ठणठणीत आहेत. पण हे चार दहा आलं कुठून?"

काकूंनी हळूच नवऱ्याची बाही वर सारली. काटे अजून तिथेच होते. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण जगल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

"जेवता कधी?" बाईंनी विचारलं.

"काम संपलं की," काकूंनी उत्तर दिलं. "म्हणजे जेवतच नाहीत."

"तिथूनच सुरुवात करू. वेळच्या वेळी जेवायचं, पाणी प्यायचं. गरगरणं थांबलं नाही तर दुसरं काही शोधू."

रस्त्यावर आल्यावर काकूंनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. "चला, जेवायची वेळ झाली असेल. किती वाजले हो?"

काकांनी सवयीने हात वर केला, मग गुपचूप खिशात घातला आणि समोरून येणाऱ्या गृहस्थांना विचारलं, "जरा वेळ सांगता का?"

"मी कुठून सांगू काका?" ते म्हणाले. "माझं घड्याळ तुमच्याच हातात आहे. चालतंय ना आता?"