दोन कॅमेरे आणि एक न हलणारा बाप

"घेईन तर पारखून घेईन! लोक डोळे मिटून पैसे फेकतात आणि मग जन्मभर रडत बसतात," असं पारखी छाती काढून म्हणाला, तेव्हा त्याची बायको चहाच्या किटलीखाली फडकं धरून उभी होती. किटली घेतानाही तो हेच म्हणाला होता. दोन किटल्यांमधली बरी कुठली हे ठरवण्यात एवढा काळ गेला की तोवर घरानं पातेल्यातून चहा गाळून प्यायला, आणि शेवटी जी पारखून आणली तिची तोटी गळते!

ऑफिसात त्याला सगळे पारखी म्हणत. तोंडावर. पाठीमागे काय म्हणत ते छापण्यासारखं नाही. पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या तक्रारी तपासायचं काम त्याच्याकडे होतं. जुनं मीटर खोटं की नवं, याचा निकाल लावता लावता तक्रार करणारे घर सोडून गेले तरी ह्याचं आपलं चालूच! अशा माणसाच्या डोक्यात एकदा कॅमेरा शिरला. खिशात मावेल असा छोटा डिजिटल. बाजारात त्याला दोन पटले. एक चांदीच्या रंगाचा, एक काळा. चांदीरंगी लांबचं जवळ आणण्यात वस्ताद, काळा अंधुक उजेडात हुशार. चांदीरंगी साध्या सेलवर चालतो, काळ्याला स्वतःचा चार्जर. दोन्हींची माहितीपत्रकं ह्याची पाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारून सांगायचा.

"पण फोटो कशाचे काढणार?" बायकोनं विचारलं.

"ते नंतर बघू गं! आधी कॅमेरा तर ठरू दे!"

दुकानदार इतका कंटाळला होता की एका शनिवारी त्यानं दोन्ही कॅमेरे पिशवीत घालून ती त्याच्या छातीवर आदळली. "घेऊन जा दोन्ही! सोमवारी एक परत आण, एकाचे पैसे दे. आणि पुन्हा माझ्या काउंटरवर कोपरं टेकलीस तर काउंटर विकीन!"

पारखी हरखला. घरी येऊन त्यानं गॅलरीतल्या कुंडीचे फोटो काढून पाहिले. वाऱ्यानं पानं हलली. बायकोला उभं केलं.

"तू श्वास घेतेस. त्यानं हलतं."

"मग थांबवू का?" एवढं विचारून ती आत गेली आणि भांडी जरा जोरातच घासू लागली.

तुलना करायची तर समोरची वस्तू जागची हलता कामा नये. पारखीनं घरभर नजर फिरवली आणि ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर थांबली. खुर्चीत बाबा बसले होते. सकाळपासून तिथेच होते. दोन वर्षांपासून तिथेच होते म्हटलं तरी चालेल, कारण ते तिथे आहेत की नाहीत हे बघायला कोणी जात नसे.

"बाबा, खुर्ची जरा इकडे घ्या. भिंतीला पाठ करून. हं. समोर बघा. हलू नका!"

त्यानं चांदीरंगी कॅमेऱ्यानं एक काढला, काळ्यानं एक काढला. मग पुन्हा चांदीरंगी, पुन्हा काळा. बाबा एक शब्द न बोलता बसून राहिले. पारखीला वाटलं, काय गुणी म्हातारा आहे!

गुणी कसला! म्हातारा मुळापासून हादरला होता.

का, ते सांगतो. बाबांचा हयातभराचा धंदा फोटो फ्रेम करण्याचा. काच कापावी, पट्टीला कोपरे पाडावेत, मागं पुठ्ठा ठोकावा. आलेल्या फोटोकडे नुसतं बघून ते सांगत की हा कशासाठी आलाय. बाळांचे फोटो आईच्या मांडीवरचे येतात. नवराबायकोचे जोडीनं येतात. पण म्हातारा माणूस, एकटा, छातीपर्यंत, मागं कोरी भिंत, नजर सरळ समोर, असा फोटो आला की बाबा गिऱ्हाइकाला दोन शब्द धीराचे बोलत आणि काम पुढे घेत. त्यातही काही धोरणी पोरं असत. बाप घरी चहा पितोय, आणि हे इकडे फ्रेमचा भाव विचारताहेत! अशांना बाबा मनातल्या मनात शिव्या घालत आणि पैसे जास्त लावत.

आणि आता त्यांचाच पोरगा त्यांना कोऱ्या भिंतीपुढे बसवून म्हणत होता, हलू नका!

त्यात आठवड्यापूर्वी खोकला झाला म्हणून समोरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर बाबांना म्हणाले, "काही नाही, ठणठणीत आहात," आणि मग पारखीला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. डॉक्टरांनी खरं तर त्यांच्या मीटरची तक्रार सांगितली होती. बाबांना ते कसं कळणार? आता मात्र त्यांना सगळं कळलं!

संध्याकाळी पारखी मोठ्या प्रिंटा काढून घेऊन आला. मोठी प्रिंट काढल्याशिवाय कॅमेऱ्याची लायकी कळत नाही, असं त्याचं ठाम मत. दोन्ही हातांत दोन बाबा धरून तो खऱ्या बाबांपुढे उभा राहिला.

"बाबा, कुठला चांगला वाटतो? खरं सांगा."

बाबांनी दोन्हींकडे पाहिलं. 

"घाई आहे का रे?"

"आहे ना! सोमवारपर्यंत काय ते उरकायला हवं."

"सोमवार," बाबा म्हणाले. एका प्रिंटची कड बोटांनी मापली. मग म्हणाले, "ठीक आहे. फ्रेम मी करतो. दुसऱ्या कुणाकडे टाकू नकोस. हल्ली कोपरे कुणाला धड जुळवता येत नाहीत."

"करा की!" पारखी खूश. म्हाताऱ्याला हाताला काम मिळालं, वेळ बरा जाईल! बापाच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्यानं पाहिलं ते इतकंच, की काळ्या कॅमेऱ्यातल्या बाबांचा एक कान किंचित धूसर आलाय!

बाबांनी हत्यारांची पेटी जिन्याच्या चौकात काढली. घरातली चांगल्यातली चांगली सागाची पट्टी निवडली. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "आता कशाला." खोकल्याचं औषध मोरीत ओतलं. आणि पट्टीला करवत लावण्याआधी आपल्या बहिणीला फोन केला. "सोमवारचं सांगताहेत. तुला भेटावंसं वाटलं."

रविवारी सकाळी आत्या हजर! सोबत पारखीची मोठी बहीण, रात्रभराच्या बसनं आलेली, केस विस्कटलेले, चेहरा सुजलेला. बाबा चौकात पाठमोरे बसून पॉलिश घासत होते. दोघींनी त्यांना पाहिलं, काय करताहेत ते पाहिलं, आणि तोंडात पदर कोंबून थेट घरात शिरल्या.

पारखीला वाटलं, बायकोनं कॅमेऱ्याचं कळवलं वाटतं. म्हणजे घरातल्या माणसांना पारखीच्या मताची किंमत आहे तर! त्यानं दोघींना बसवलं आणि प्रिंटा पुढे ठेवल्या.

"आत्या, आधी हे बघ. कुठला कशाचा ते मी सांगणार नाही. तू बोल. कुठला बरा?"

आत्यानं एक प्रिंट उचलली, छातीशी धरली आणि हंबरडा फोडला. "हा रे हा! ह्यात दादा कसा शांत दिसतोय!"

"एक मत चांदीरंगीला," पारखी पुटपुटला. "आणि ताई, तुला?"

ताईनं प्रिंट बाजूला सारली. "तुला काही लाज? ते तिथे बाहेर बसलेत! जिवंत!"

"अगं, त्यांनाही विचारलं. ते काहीच सांगत नाहीत!"

"त्यांना विचारलंस?"

"मग? फोटो त्यांचा आहे, त्यांनाच नको विचारायला? बरं, तू नुसता कान बघ. ह्यात कानातला एकेक केस मोजता येतो!"

ताईनं हात उगारला. तो पारखीच्या गालावर बसणार, एवढ्यात बायको बाजाराची पिशवी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अय्या, तुम्ही दोघी? कॅमेरा बघायला इतक्या लांबून आलात?"

मग जे झालं त्याला गोंधळ हा शब्द तोकडा आहे. आत्या रडता रडता थांबली आणि थांबल्याचा राग येऊन पुन्हा रडू लागली. ताई भावाला मेल्या म्हणाली, मुर्दाडा म्हणाली, आणि शब्द संपल्यावर नुसतीच पिशवीतले कांदे फेकू लागली. शेवटी चौघंही एकदम चौकात धावली आणि म्हाताऱ्याभोवती उभी राहून ओरडू लागली की तुम्हाला काहीही झालेलं नाही!

बाबांनी पॉलिशचा बोळा खाली ठेवला. सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. रडून लाल झालेली तोंडं!

"असंच सांगतात," ते म्हणाले. "सांगायचंच असतं. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

जितकं समजवावं तितकं म्हाताऱ्याचं पक्कं होत गेलं! ताई हसून दाखवायला गेली, तर ते म्हणाले, "पोरी, एवढा जोर लावून हसू नकोस, दमशील." पारखी धावत जाऊन समोरच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर अर्ध्या चड्डीत, तोंडाला दाढीचा साबण. त्यांनी बाबांची छाती ऐकली, पाठ ठोकली, आणि वैतागून म्हणाले, "ह्यांना काय धाड भरलीय? हे मलाच पोचवून येतील!"

"डॉक्टर," बाबा शांतपणे म्हणाले, "असं बोलायला सांगितलंय ना ह्यांनी?"

डॉक्टर साबणासकट निघून गेले. जाताना मीटरचं काय झालं तेवढं विचारून गेले.

तेव्हा पारखीचा ताबा सुटला. दिवस चाललेला, चाचण्या अर्धवट, सोमवार उंबऱ्यावर! तो किंचाळला, "अहो बाबा, तुमचा फोटो नकोच होता मला! कुंडीचा काढणार होतो! कुंडी हलत होती, तुम्ही हलत नाही, म्हणून तुम्हाला बसवलं! बास! तुमच्या जागी पोतं असतं तरी चाललं असतं!"

 वरच्या मजल्यावरचं दारसुद्धा उघडता उघडता थांबलं.

बाबांनी मान हलवली. "हं. हे खरं वाटतंय."

सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"म्हणजे मी मरत नाहीये," बाबा म्हणाले. "आणि फोटोही माझा नव्हता." त्यांनी जोडलेला फ्रेमचा कोपरा बोटानं चाचपला. "काल मला वाटलं, पोरगा एवढा वेळ माझ्याकडे बघतोय. दोन डोळ्यांनी बघतोय, यंत्रातून बघतोय, कागदावर काढून बघतोय. म्हटलं, मरणं इतकं काही वाईट नाही."

असल्या घरांत ह्यानंतर कोणीतरी चहा टाकतं. कारण दुसरं काय करायचं हे कुणालाच शिकवलेलं नसतं. बायकोनं चहा टाकला. आत्यानं मात्र भाच्याचा कान धरला, खरोखरीच धरला, आणि म्हणाली, "ऊठ! आता त्याचा फोटो काढ. त्याचा! नीट! मनापासून!"

"राहू दे गं," बाबा म्हणाले. पण म्हणता म्हणता उठले. तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. ताईनं कॉलर सरळ केली. सूनबाई म्हणाली, "बाबा, चांगले दिसता हो!" म्हातारा लाजला. खरंच लाजला! वेताच्या खुर्चीत बसला, समोर उभ्या असलेल्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि हसला. असं हसणं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. खुद्द पारखीला आठवत नव्हतं. चांदीरंगी कॅमेऱ्यानं ते हसू बरोब्बर टिपलं. मागच्या छोट्या पडद्यावर बाबा हसत होते, आत्या डोळे पुसत होती, आणि पारखी पडद्यावरून नजर काढत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मिटलं. माणूस सुधारला. छे! तुम्ही असली माणसं जवळून पाहिलेली दिसत नाहीत.

"वा, बाबा!" पारखी म्हणाला. "अगदी असेच राहा! हसू तस्संच ठेवा! आता हाच एकदा काळ्यानं!"

तो वळला, पिशवीतून काळा कॅमेरा काढला, चालू केला, डोळा बारीक करून नेम धरला आणि बटण दाबलं. खुर्ची रिकामी होती. आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला. आत्यानं चपला घातल्या. ताईनं भावाकडे न बघता परतीच्या बसची वेळ विचारली, ती त्याच्या बायकोला.

सोमवारी दुकानदारानं विचारलं, "लागला का निकाल?"

"लागला!" पारखी म्हणाला. खरं तर निकाल रविवारी संध्याकाळीच लागला होता. काळ्या कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्चीच्या वेताची वीण अशी आली होती, अशी आली होती, की काडीन् काडी सुटी दिसावी! तसलं काही चांदीरंगीला जमलंच नसतं. त्यानं काळ्याचे पैसे मोजले, चांदीरंगी काउंटरवर ठेवला आणि शीळ घालत घरी आला.

बायकोनं दारातच विचारलं, "तो बाबांचा हसरा फोटो कुठाय?"

शीळ थांबली. तो आला तसाच उलटा पळत सुटला. दुकानात पोचेपर्यंत त्याची शुद्ध हरपायचीच बाकी होती. दुकानदार चांदीरंगी कॅमेरा कापडानं पुसत होता.

"आतलं सगळं केव्हाच पुसलं," तो म्हणाला. "नव्या गिऱ्हाइकाला काय तुझ्या म्हाताऱ्याचं तोंड दाखवू?"

पारखी घरी आला. आतल्या खोलीचं दार अजून लावलेलंच होतं. त्यानं काळा कॅमेरा पाठीमागे लपवला आणि दारावर हळूच टिचकी मारली.

"बाबा... एक मिनिट बसाल का? ह्या वेळी एकाच कॅमेऱ्यानं. शप्पथ!"

 आतून बाबा खोकले, आणि म्हणाले, "हलायचा पुरता थांबलो ना, की काढ. तोवर कुंडीवर भागव."

पारखी दारापाशी उभा राहिला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण हातातल्या कॅमेऱ्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलंच, की तसा फोटो चांगला येईल. काळ्याला स्थिर वस्तू फार छान जमतात.