टापटीप मास्तरांचा तराफा

व्यवसाय शिक्षण संस्थेचं भांडार टापटीप मास्तरांच्या ताब्यात होतं. इथे एक खिळासुद्धा वाकडा सापडायचा नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"उद्याच्या पाहणीत एवढीशी जरी खोट निघाली, तर मिशा उतरवीन!" त्यांनी बायकोला ऐकवलं.

"मिशांचं राहू द्या. खुर्ची सांभाळा!"

तिचं बरोबर होतं. जहाज कंपनीच्या कॅप्टनने होकार दिला, तर खलाशांचा वर्ग सुरू होणार आणि मास्तर त्याचे प्रमुख होणार. नाहीतर सोमवारपासून सुतारकाम विभागात, सख्ख्या मेहुण्याच्या हाताखाली!

भांडारातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तराफा. तो घडी घालून पांढऱ्या पिंपात बंद असतो. जहाज बुडायला लागलं की दोरी शेवटपर्यंत ओढून जोराचा हिसका द्यायचा, तराफा आपोआप फुगतो. पिंपातून दोरीचं टोक लोंबत होतं, आणि लोंबणारी वस्तू मास्तरांना बघवत नसे. पाहणीच्या दिवशी सकाळी त्यांनी दोरी ओढली. ती येतच राहिली! अखेर अडली, तेव्हा त्यांनी तिची सुबक गुंडाळी केली आणि उघड्या दाराच्या आतल्या कडीला ताणून बांधून टाकली.

थोड्याच वेळात प्राचार्यबाईंसोबत येऊन कॅप्टनने भांडार पाहिलं. "वा! फारच नीटनेटकं!"

मास्तरांची छाती फुगली. एसी चालू होता, म्हणून प्राचार्यबाईंनी ते उघडं दार लावून घेतलं.

धडाम! पिंप फुटलं आणि पंचवीस माणसांचा तराफा सुसाट फुगू लागला. कॅप्टन कपाटाला चिकटला. बाई सरळ तराफ्यावर चढून बसल्या. मास्तर तराफ्याखाली गेले. आत उघडणारं दार आता हलेना.

"मास्तर, हे काय केलंत?" बाई वरून ओरडल्या.

"प्रात्यक्षिक!" खालून क्षीण आवाज आला. "साहेब, चालतोय ना व्यवस्थित?"

"एकदम झकास," कॅप्टन कपाटापाशी अवघडून म्हणाला. "पण एकदा फुगलेला तराफा कंपनीत तपासून, पुन्हा घडी होऊन येईपर्यंत आम्ही धरत नाही. म्हणजे आजच्या घडीला तुमच्याकडे तराफा नाही. होकार देता येणार नाही."

"नाही?" मास्तर कळवळले. "अहो, मग माझ्या छातीवर काय आहे?"

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि बाहेरून करवतीची खरखर सुरू झाली.

"दाजी, चौकट कापावी लागतेय!" मेहुण्याचा आवाज आला. "काळजी करू नका, परत बसवायला सोमवारी तुम्ही आहातच!"