कुठला ढिला वाजतोय?

दळवीकाका रोज सकाळी चमच्याच्या दांड्याने स्वतःचे दात वाजवत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ते फिटर. हातोडीने ठोकून नुसत्या आवाजावरून ढिला बोल्ट ओळखायचे. पायरियाने हिरड्या पोखरल्यापासून तीच तपासणी दातांची. ऐकायला शेजारी म्हणून मी. ऑफिसला निघालो की दारातच अडवत.

"ऐक रे. कुठला ढिला वाजतोय?"

"मला सगळे सारखेच वाटतात, काका. काकूंना विचारा ना!"

"आमच्या घरी माझं कोण ऐकतंय!"

मी हसायचो. नवऱ्यांचं हे रडगाणं ठाकुर्लीत घरोघरी होतं.

बाकी माणूस कुणाला न भिणारा. पण दात पडायचा विषय निघाला की चेहरा पांढरा. चिक्की बंद, भाकरी दुधात, पेरूला लांबूनच नमस्कार. बोलत मात्र मोठं तोंड उघडून, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या बाईंसारखं.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मुंबईच्या एका डेंटल कॉलेजात नवा उपाय करून बघतात असं कळलं, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. वरच्या पुढच्या चार दातांभोवतीचं हाड झिजलं होतं.

"तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये गरगर फिरवायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशींना वाढायला लावणारी द्रव्यं त्यातल्या एका भागात असतात. हिरडी उघडून तो भाग खड्ड्यात भरायचा. हाड भरून येईल, कदाचित नाहीही येणार."

"म्हणजे ग्राउटिंग! ढिल्या बोल्टभोवती सिमेंट ओततात तसं." काकांना घाम फुटला होता. "पण धरलंच नाही तर?"

"तर दात काढून कवळी."

"कवळीनं ओठांची ठेवण बदलते ना?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी ही हौस! मला हसू आवरेना.

ऑपरेशनच्या दिवशी काकांची पहिली सही इतकी वेडीवाकडी आली की ती दोनदा करावी लागली. ते आत गेले. काकू खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"काकू, चहा आणू?"

तीनदा विचारलं. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकून वळल्या आणि माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.

"सहा वर्षं झाली, दोन्ही कान गेलेत," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही. ह्यांचे ओठ मला वाचता येतात. बाकीच्यांचं अर्धंच कळतं."

आपण कशाला हसत होतो, ते आठवून लाज वाटली.

काका बाहेर आले. भुलीने वरचा ओठ लोंबलेला. ते काहीतरी म्हणाले. काकूंनी टक लावून पाहिलं आणि कळलं नाही अशी मान हलवली. इतकी घाबरलेली दोन माणसं मी एकत्र कधी पाहिली नव्हती.

भूल उतरली, पण भीती नाही. पुढे कित्येक महिने चमचा वाजला की मीच श्वास रोखून ऐकायचो.

मग एकदाचा एक्स-रे झाला. "हाड धरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी चमचा काढलाच नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. काकूंकडे वळून, अजिबात आवाज न करता, ते म्हणाले, "एकही हलत नाही."

"दिसलं," काकू म्हणाल्या.