किल्लीच्या भोकातलं बिऱ्हाड

कपाटाला पॉलिश कोणतं लावायचं हे रज्जाकचाचा गिऱ्हाइकाला विचारत नसत, माश्यांना विचारत. फळीच्या तुकड्यावर चार पॉलिशांचे ठिपके लावून तो ओट्यावर ठेवायचा आणि आम्हा शेजाऱ्यांना दम भरायचा, सावली पाडू नका, पसंती चालू आहे.

नेरच्या बसस्टँडमागं चाचांचं फर्निचरचं दुकान, त्याला लागून माझं शिलाईचं. मुलं नागपूरला, चाचा इथं एकटे. मधे नुसता पत्रा, त्यामुळं त्यांची माश्यांशी चाललेली भांडणं मला मशीन चालवता चालवता फुकटात ऐकू यायची.

माश्या म्हणजे मधमाश्यांचीच जात, पण मुंगीएवढ्या, काळ्या, बिननांगीच्या. त्या पहिल्यांदा पॉलिशच्या वाटीवर घोंगावल्या तेव्हा चाचांनी निकालच देऊन टाकला, की ह्या दारुड्या आहेत, स्पिरिट प्यायला येतात. आठवडाभर वाटीवर झाकण ठेवून त्यांची दारू सोडवणं चाललं. मग दिसलं, की अर्धवट वाळलेल्या फळीवरची चिकट राळ खरवडून, मागच्या पायांना तिचे गोळे चिकटवून त्या घेऊन जातात.

"कारीगर हायेत माय," चाचा मला बोलावून म्हणाले. "पिऊन नाही राह्यल्या, घर लिपून राह्यल्या."

झालं, परीक्षाच सुरू झाल्या बाप्पा! बाभळीच्या डिंकाकडं माश्या ढुंकून पाहत नसत. आंब्याचा चीक चालायचा. सालईची, म्हणजे देवळातल्या धुपाच्या झाडाची, राळ ठेवली की मात्र झुंबड. चाचा मला समजावून सांगत, की डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही, शिवाय तिच्यामुळं बुरशी धरत नाही. झाड स्वतःच्या जखमेला जे औषध लावतं तेच ह्या घराला लावतात. एवढं कळल्यावर त्यांनी आपल्या पॉलिशमध्येही सालई घातली. त्या पॉलिशचा एक दिवाण एका मास्तरांकडं गेला. त्यावर झोपणारा पाहुणा म्हणे देवळात असल्यासारखा हात जोडूनच उठायचा.

पुढं कापसाला भाव नसलेले दिवस आले. लग्नं पुढं ढकलली जात होती, मग कपाटं कोण नेणार? गजाननभाऊंनी पोरीसाठी सांगितलेलं सागवानी कपाट दोन वर्षं तसंच उभं राहिलं. माश्या किल्लीच्या भोकातून आत शिरल्या, खालच्या खणात संसार मांडला आणि भोकाला राळेची इवलीशी नळीही काढली.

आणि एका सकाळी गजाननभाऊ पेढे घेऊन हजर. पोरीचं लग्न पुढच्याच महिन्यात, कपाट आजच न्यायचं. चाचांनी पेढा हातात धरून आधी नळीकडं पाहिलं. मी कात्री ठेवून उठले. कपाट हलवलं तर माश्यांचं घर मोडत होतं, आणि नाही म्हटलं तर पोरीचं कपाट जात होतं.

चाचा म्हणाले, हे नाही, आठ दिवसांत याहून चांगलं देतो. दुकानात तर सागाची फळी नव्हती. संध्याकाळी त्यांनी घरचा स्वतःचा सागवानी पलंग, बाकडं आणि माळ्याच्या फळ्या हातगाडीवर घालून आणल्या आणि गाणं गुणगुणत खोलायला घेतल्या. नवं कपाट असं झालं, की गजाननभाऊ त्याच्या दारावरून नुसता हात फिरवत राहिले.

ते कपाट घेऊन गेल्यावर मी चाचांना चांगलं फैलावर घेतलं. "एवढ्याशा माश्यांपायी तुम्ही जमिनीवर झोपून राह्यले? कायले पण?"

चाचा नळीसमोर उकिडवे बसले होते. माझ्याकडं न पाहता हसले.

"दोन वर्सं दुकानात कोनी आलं नाही, माय. ह्या रोज येत होत्या."