नमुना रुळू द्यावा

पदार्थ कधी खोटं बोलत नाही. मात्र त्याला विचारावं लागतं, आणि योग्य उत्तर येईपर्यंत विचारत राहावं लागतं. या थोर तत्त्वावर ज्या संस्था उभ्या आहेत, त्यांत उष्णता मोजणाऱ्या या प्रयोगशाळेचा क्रमांक बराच वरचा लागतो. (क्रमांक प्रयोगशाळेनेच काढला आहे.)

काम साधं. काही संयुगं पाण्यात विरघळली की उष्णता सुटते. किती सुटते ते मोजायचं. त्यासाठी थर्मासच्या जातीचं एक भांडं, एक ढवळणी, एक नाजूक तापमापक आणि एक कनिष्ठ मापक लागते. भांडं, ढवळणी आणि तापमापक कायम होते. कनिष्ठ मापक, म्हणजे मोजणारी मुलगी, नोकरीत अजून कायम व्हायची होती.

तिच्या वाट्याला आलं संयुग क्रमांक अठ्ठावीस. पुस्तकात त्याची उष्णता ग्रॅममागे ४१२ ज्यूल दिलेली. तिने नवी बरणी फोडली, मोजलं. ४६८. तापमापक पुसला, पुन्हा मोजलं. ४६९. भांडं बदललं. ४६८. तिने तिन्ही आकडे वहीत उतरवले.

शेजारच्या टेबलावर वजनं करणारे, सगळ्यांचे तराजूकाका, चष्म्यावरून बघत म्हणाले, "बरणी आज फोडलीस का गं?"

"हो काका."

"मग येणारच! कलम सात वाचलं नाहीस? रुळू दे की त्याला जरा."

कलम सात: *नमुना संस्थेत रुळू द्यावा.* म्हणजे झाकण काढून बरणी खिडकीत ठेवावी. क्रमांक अठ्ठावीस हवेतला ओलावा पितो, आणि त्या पिण्यातच आपली थोडी उष्णता कोणाला न सांगता खिडकीत खर्च करतो. पहिल्या दिवशी ४६८, दुसऱ्या दिवशी ४४१, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या सुमारास बरोबर ४१२. त्या क्षणी मोजून घ्यावं. (चौथ्या दिवशी ३९० येतं. मागे एकाने रजा घेऊन तेवढा उशीर केला. त्याला ज्ञापन मिळालं.)

पद्धत निर्दोष आहे. तिच्यामुळे कोणत्याही हवामानात, कोणत्याही हातून, तोच आकडा येतो. बाहेरच्या एकेचाळीस प्रयोगशाळांनी ४१२ ला दुजोरा दिला आहे. तिथेही खिडक्या आहेत.

तिच्या मोजण्यांचा गोषवारा संस्थेने नेहमीप्रमाणे प्रसिद्ध केला:

संयुग क्रमांक २८
एकूण मोजण्या – १७
न रुळलेल्या (बाद) – ११
अर्धवट रुळलेल्या (बाद) – ३
रुळलेल्या (मान्य) – २
मान्य उष्णता – ४१२

आता ४१२ हा आकडा मुळात काढला कोणी? तर थोरल्या साहेबांनी, एकतीस वर्षांपूर्वी, ऐन उमेदीत. त्या वेळी बरणीचं झाकण उघडं राहिलं होतं, याला काहीही पुरावा नाही. झाकण त्यांच्याच टेबलावर असतं. ते चहाच्या कपावर ठेवतात.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, कोरडा नमुना चारशे अडुसष्ट देतो. दर वेळी."

"बाई, तुम्हाला इथे येऊन किती महिने झाले?"

"पाच."

"नव्यात उष्णता जास्त असतेच. तुमच्यातही आहे." साहेबांनी मायेने कपावर झाकण ठेवलं. "रुळाल."

इथवर सगळं छान होतं. तीही रुळली असती. अडचण झाली ती भावामुळे.

तिचा धाकटा भाऊ एका कारखान्यात खोलीएवढं भांडं सांभाळतो. त्या भांड्यात क्रमांक अठ्ठावीस पोत्यांनी ओततात. भांड्याभोवती गार पाण्याचे नळ आहेत, आणि पाण्याची झडप किती फिरवायची हे पुस्तकातल्या ४१२ वरून ठरतं. पोती मात्र सीलबंद येतात आणि थेट भांड्यात जातात. (कारखान्यात रुळायची सोय नाही.)

शनिवारी सकाळी कपात बिस्किट बुडवत तो म्हणाला, "ताई, भांड्याचा पारा चढतोय गं. परवा झाकणाचे दोन बोल्ट नाचत होते."

"मग झडप जास्त उघड ना!"

"कुठल्या कागदावर? पुस्तकापलीकडे अर्धा आटा फिरवला तरी लेखी जाब देतो आम्ही. आणि सोमवारी सकाळी सातला माझी पाळी. दुप्पट पोती."

"अरे, मी सांगतेय! चारशे अडुसष्ट आहे ते. माझ्या हाताने मोजलंय."

"तू सांगतेस गं. तू तर मी शाळेत असतानाही स्वेटर घाल म्हणून सांगायचीस." तो हसला. बिस्किट कपात पडलं. "सहीचा कागद आण."

तिने त्याच दिवशी सहीचा कागद केला. साहेबांनी त्यावर शेरा मारला: *नमुना रुळलेला नाही. मापकही नाही.* तिचा कायम होण्याचा कागद त्यांनी त्याच पेनाने, शाई ओली आहे तोवर, बाजूला ठेवला. मग तिने आपला कागद घेऊन थेट कारखाना गाठला. कारखान्याने अत्यंत सौजन्याने कळवलं की एका न रुळलेल्या बाईच्या सहीवर झडप फिरवता येत नाही. मात्र कोणाही त्रयस्थ, साक्षर माणसाने संस्थेचा गोषवारा वाचून त्यात चूक दाखवली, तर सोमवारपूर्वी फेरविचार होईल.

ती तराजूकाकांकडे गेली. काका वजनाच्या पेटीकडे बघत म्हणाले, "माझी दोन वर्षं राहिलीत गं."

उरला कोण? त्रयस्थ, साक्षर, गोषवारा वाचलेला. म्हणून तिने तो वर तुमच्यासमोर ठेवला होता.

अकरा, तीन आणि दोन मिळून सोळा होतात. एकूण मोजण्या सतरा लिहिल्या आहेत. तुम्ही त्यावरून नजर फिरवलीत आणि पुढे आलात. तुमची काही चूक नाही. तक्ता होता, छापलेला होता, आणि एकेचाळीस प्रयोगशाळांच्या खिडक्यांना तुम्ही नुकतेच हसत होतात.

वाचकाकडून आक्षेप आला नाही, अशी नोंद झाली आहे. सोमवारी सकाळी सात वाजता भाऊ झडप ४१२ वर ठेवील.