पाहुण्या मॅडमच्या हृदयाची पट्टी

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची. त्या वर्षी जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागाच्या कचेरीत पहिला संगणक आला, आणि कचेरी सांभाळणाऱ्या ताईंनी त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून वर फुलदाणी ठेवली. पत्रं त्या टाइपरायटरवरच करत. एकोणीस वर्षं एका खुर्चीत काढलेल्या बाईला कुठलं यंत्र कशासाठी असतं हे शिकवायची कुणाची छाती नव्हती.

त्याच वर्षी मार्चमध्ये कुलगुरूंच्या कचेरीतून चार ओळींचं पत्र आलं. विभागातली ज्येष्ठ प्राध्यापकाची जागा तीन वर्षं रिकामी होती. ती एकतीस तारखेपर्यंत भरली नाही तर जागाही जाणार आणि विभागही जाणार. सगळा कारभार यंत्र विभागात विलीन. म्हणजे विभागप्रमुख सरांची प्रयोगशाळा माळ्यावर आणि ताई परीक्षा विभागात. परीक्षा विभाग तळघरात होता. तिथे बदली झालेला माणूस पुन्हा वर दिसलाच, तर डोळे चोळत दिसायचा.

"ताई, आता काय करायचं हो?" सर पत्र हातात धरून दारात उभे होते.

"करायचं काय त्यात? माणूस आणायचा."

"तीन वर्षं आणतोच आहे की."

"तीन वर्षं तुम्ही आणत होतात. या वेळी मी आणते."

सर हुशार होते, पण त्यांची हुशारी एकाच दिशेला वाहायची. सहा वर्षं खपून त्यांनी हृदयाचा आलेख काढणारं एक यंत्र केलं होतं. हातात धरून नेता येईल एवढी पेटी, मनगटांना नि घोट्यांना वायरी लावायच्या, की कागदाच्या पट्टीवर रेघ उमटत बाहेर येई. आलेल्या प्रत्येक उमेदवाराला ते ही पेटी दाखवत. पहिल्या उमेदवाराला चार तास दाखवली. त्याने परत गेल्यावर नकाराचं पत्रसुद्धा पाठवलं नाही.

ताईंनी या खेपेला ज्यांना पत्र घातलं, त्या हृदयाच्या कृत्रिम झडपा करणाऱ्या नामवंत प्राध्यापिका होत्या. तीन विद्यापीठं त्यांच्या मागे लागलेली. तरी ताईंचं पत्र वाचून त्या एका दिवसासाठी यायला तयार झाल्या. सव्वीस तारीख, गुरुवार. सकाळी प्रयोगशाळा, मग व्याख्यान, जेवण, आणि चार वाजता निवड समिती. ताईंनी सगळं मिनिटामिनिटाला बसवलं आणि पेटीला दहा मिनिटं दिली.

"फक्त दहा?" सर कळवळले.

"अकराव्या मिनिटाला मी आत येऊन म्हणणार, चहा झाला. चहा झाला नसला तरी म्हणणार."

मॅडम वेळेवर आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, पायांत कॅनव्हासचे बूट. पेटी दाखवताना नेहमी पक्कड खुर्चीत बसायचा. पक्कड म्हणजे विभागाचा तंत्रज्ञ. चाळिशीचा गडी, झोपतानाही खिशात पक्कड ठेवतो असं त्याची बायकोच सांगायची. पण मॅडम म्हणाल्या, "त्यांना कशाला? मलाच लावा." सरांना आभाळ ठेंगणं झालं. वायरी लावल्या, पेटी सुरू झाली, आणि दोनच मिनिटांत पलीकडच्या खोलीतले दिवे गेले. पक्कड फ्यूज बघायला पळाला.

तो परत आला तेव्हा खोली रिकामी होती. ताई अकराव्या मिनिटाला येऊन मंडळींना घेऊन गेल्या होत्या. पेटीशेजारच्या ट्रेमध्ये वरच एक पट्टी होती. पक्कडने सहज उचलली आणि खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली. स्वतःच्या हृदयाच्या हजारभर पट्ट्या पाहिलेला माणूस तो. त्याला शास्त्र कळत नव्हतं, पण रेघ कळत होती. या रेघेत मधूनमधून ठोकाच गळला होता.

"ताई!" तो कचेरीत धावत आला. "मॅडमचं काही खरं नाही."

"हळू बोल. काय झालं?"

"हे बघा. ठक, ठक, ठक, आणि इथे काहीच नाही. मग परत ठक. बाई कुठल्याही क्षणी आडव्या व्हायच्या."

ताईंनी पट्टी उजेडात धरली. मग घडी घालून ब्लाऊजमध्ये खोचली. "सरांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. ते मॅडमच्या तोंडावर विचारतील, तुम्ही किती दिवस आहात म्हणून. चार वाजेपर्यंत बाईंना तळहातावरच्या फोडासारखं जपायचं. सही झाली की मी स्वतः त्यांना चांगल्या डॉक्टरांकडे नेते. कुणाचा जीवही जाणार नाही आणि जागाही जाणार नाही. चल, लाग कामाला."

आता ताई कामाला लागल्या म्हणजे इमारत कामाला लागली. व्याख्यान दुसऱ्या मजल्यावर होतं. ते तळमजल्यावर आणलं. तळमजल्यावर एकच मोठी खोली रिकामी होती आणि तिच्या भिंतीपलीकडे पाण्याचा पंप होता. मॅडम झडपांबद्दल बोलत राहिल्या, पंप धडधडत राहिला, आणि मागच्या रांगेतल्या मुलांना ते ध्वनिमुद्रित हृदय वाटून त्यांनी मन लावून टिपणं घेतली.

पहिल्या रांगेत ताईंनी विद्यापीठाच्या दवाखान्यातले डॉक्टर आणून बसवले. ते सापडले तेव्हा डुलकी काढत होते.

"कोण म्हणून बसू?" डॉक्टरांनी विचारलं.

"भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. काही बोलायचं नाही. नुसतं त्यांच्या ओठांच्या रंगावर लक्ष ठेवायचं."

व्याख्यान संपलं. मॅडम कधीच्या पाहत होत्या की पहिल्या रांगेतला एक गृहस्थ आपल्या तोंडाकडे टक लावून बसलाय. कुणीतरी सांगितलं, भौतिकशास्त्राचे आहेत. त्या आनंदाने पुढे आल्या. "तुम्ही फार लक्ष देऊन ऐकत होता. या प्रवाहाच्या दाबाबद्दल तुमचं काय मत?"

डॉक्टर दचकले. "दाब ना? दिवसातून दोनदा, जेवणानंतर. आणि मीठ कमी."

 मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

जेवणाची खोली समोरच्या इमारतीत, शंभर पावलांवर. दारात गाडी उभी होती. "चालत जाऊ की," मॅडम म्हणाल्या. "छे छे, ऊन आहे," ताई म्हणाल्या. बाहेर ढग होते. गाडी निघाली, वळली आणि थांबली. उतरल्यावर तीन पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्यांनी ताईंचा घात केला. पक्कडला वाटलं, एवढ्या तीन पायऱ्याही कशाला? विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून केलेली, विजेवर चालणारी चाकांची खुर्ची त्याने पायऱ्यांशेजारच्या उताराच्या तोंडाशी आणून ठेवली.

"हा आमचा प्रकल्प, मॅडम. बसून बघता?"

मॅडमना यंत्राचं वेड. त्या बसल्या. खुर्ची उत्तम चालायची, फक्त डावीकडेच वळायची. तिने मॅडमना उतारावरून वर नेलं, दारातून आत घेतलं, जेवणाच्या टेबलाला दोन फेऱ्या घातल्या आणि भिंतीशी नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीशीच त्या म्हणाल्या, "सर, संध्याकाळची गाडी किती वाजता आहे?"

"पाच चाळीस. पण समिती चारला..."

"मी समितीला येत नाही."

 मॅडम खुर्चीतून उठल्या. "मी चोपन्न वर्षांची आहे. रोज सकाळी पाच मैल चालते. आणि इथे सकाळपासून मला काचेच्या भांड्यासारखं उचलून ठेवताहेत. पायरी चढू देत नाहीत, ऊन लागू देत नाहीत, मघाशी एकांनी मीठ बंद केलं. तुम्हाला प्राध्यापक हवाय की आजेसासू सांभाळायचीय?"

सरांनी ताईंकडे पाहिलं. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. ताईंच्या डोळ्यांपुढे परीक्षा विभागाचा जिना उभा राहिला, खाली खाली जाणारा. पण घाबरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पदर सावरला, पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मॅडम, रागवा हवं तर. पण आधी हे बघा. सकाळी तुमचीच काढलेली. आम्हाला तुम्ही हव्या होतात, आणि जिवंत हव्या होतात."

मॅडमनी पट्टी हातात घेतली. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग विरून गेला आणि तिथे कामाचा चेहरा आला. त्यांनी स्वतःची फाईल उघडून दुसरी पट्टी काढली. "माझी ही. सरांनी आठवण म्हणून तेव्हाच फाईलमध्ये ठेवली. हे बघा, इथे मी खोकले होते, तिथे रेघ विस्कटलीय. बाकी ठणठणीत आहे." त्यांनी पहिली पट्टी बोटाने टोचली. "मग ही कुणाची?"

पक्कड वाकून दोन्ही रेघा ताडून बघू लागला.

"ती होय?" सर मोकळेपणाने म्हणाले. "माझी. मी रोज सकाळी पेटी स्वतःला लावून बघतो ना."

"रोज? आणि पट्टी बघता?"

"बघतो म्हणजे काय! शाई सारखी उतरते का, रेघेची जाडी कमी-जास्त होते का, सगळं बघतो. ही तर फार सुरेख आहे. कुठे फाटलेली नाही."

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "रेघ सुरेख आहे. ठोका कुठाय?"

सरांनी चष्मा वर केला, पट्टी डोळ्यांजवळ नेली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या यंत्राने काढलेला आलेख वाचला. "अरेच्चा," ते म्हणाले. "मला वाटत होतं, जिन्याच्या पायऱ्या वाढल्यात."

पुढचं सगळं फटाफट झालं, कारण सगळं तयारच होतं. डॉक्टर होते, त्यांनी सरांची नाडी धरली आणि त्यांची झोप दिवसात पहिल्यांदा पुरती उडाली. खुर्ची होती; दरवाजा नेमका उजवीकडे निघाला, तेव्हा पक्कडने सर आणि खुर्ची दोन्ही उचलून बाहेर काढली. गाडी दारात होती.

"पण समिती!" सर आतून ओरडले. "मॅडमना पेटीची आतली जोडणी दाखवायची राहिली!"

"सरका," मॅडम म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

रुग्णालयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी आठवडा गेला असता तर सांगायला कुणी उरलं नसतं. सरांच्या छातीत पेसमेकर बसवायचं ठरलं. बातमी कळताच कुलगुरू आले, मागोमाग निवड समिती आली, आणि चार वाजता सगळे तिथल्या लाकडी बाकावर रांगेने बसलेले होते. ताई कोपऱ्यात उभ्या. त्यांना धड रडूही येत नव्हतं.

मॅडम त्यांच्याजवळ आल्या. "ताई, रुजू होण्याचा कागद आणलाय का?"

"तुम्ही तर गाडीची वेळ विचारत होतात."

"तीन विद्यापीठांनी मला यंत्रं दाखवली. सगळी नवीकोरी, आणि त्यांतल्या एकानेही अजून आजारी माणूस पकडला नाही. तुमच्या पेटीने रोज बोंब मारलीय, ऐकायला कुणी नव्हतं. कुणीतरी यायला नको का?" त्या हसल्या. "आणि नुसत्या संशयावर जी बाई पहिल्या रांगेत डॉक्टर बसवते, तिच्या कचेरीत मी काम करणार. फक्त मीठ मात्र मी खाणार."

कागद ताईंच्या पिशवीत होता. सही बाकावरच झाली.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. सर पेसमेकर घेऊन नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगले, आणि मॅडमना आपण पेटी दाखवून आणलं असं शेवटपर्यंत सांगत राहिले. पेटीत मॅडमनी एक घंटी बसवली. ठोका गळला की वाजायची. ती पेटी गावोगावच्या दवाखान्यांत गेली. मॅडम अकरा वर्षं विभागप्रमुख होत्या, आणि निवृत्तीच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर पायी चढून गेल्या. पक्कडची मुलगी हृदयाची डॉक्टर झाली. तो तिच्या पट्ट्यांत चुका काढतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांना भौतिकशास्त्र विभागाच्या कार्यक्रमांची निमंत्रणं कित्येक वर्षं येत होती, आणि ते जातही होते.

ताई त्याच खुर्चीतून निवृत्त झाल्या. तळघर त्यांनी कधी पाहिलं नाही. अजूनही कुठल्या ना कुठल्या विभागाचे प्रमुख घर शोधत येतात. "ताई, फार मोठे प्राध्यापक यायचेत हो. हातचे जाता कामा नयेत. काय काय करू?"

"काही म्हणजे काही करू नका," ताई ठामपणे सांगतात. "माणसाला यायचं असेल तर तो येतो. आपण मध्ये मध्ये करायचं नाही."

प्रमुख सुटकेचा निःश्वास टाकून उठू लागतात.

"बसा," ताई म्हणतात आणि कागद पुढे ओढतात. "किती वाजता उतरणार आहेत?"