नानांची डावी चाकं

लग्नाची पत्रिका हातात पडली की लोक आधी मुहूर्त बघतात. आमच्या शेजारचे नाना कागद चिमटीत धरून चोळतात. जाड निघाला तर, "घराणं चांगलं हाय, जायला पायजे." पातळ निघाला तर त्या पाव्हण्यांचं काही खरं नाही.

याचं कारण नानांच्या अंगणात उभं असतं. जुनी पांढरी मोटार आणि तिची चार अलॉय चाकं. टवके उडालेलं चाक नाना घरीच नवं करतात. साबणाने धुवायचं, पॉलिश पेपरने घासायचं, खळग्यांत पुट्टी भरायची, मग चंदेरी रंगाचा फवारा. रंग टायरवर उडू नये म्हणून टायर आणि चाकाच्या फटीत गोलाकार पत्रिका खोचायच्या. गणपती तेवढा कापून देवघरात जातो, बाकीचं लग्न टायरात. आख्ख्या देवळाली प्रवरात नानांच्या चाकाभोवती फेरे न घेतलेलं जोडपं सापडायचं नाही. मी एकदा भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण मोबाईलवर दाखवलं, तर म्हणाले, "मास्तर, हे आता टायरात कसं खोचू?"

साखर कारखान्यातल्या साहेबांची जीप चालवण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे दुसऱ्याच्या चाकाला दयामाया नाही. माझ्या गाडीला नखाएवढा टवका दिसला, तर भर पारावर चौकशी: "गाडी चालवता का नांगर?"

अशा माणसाला काचबिंदू झाला. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं. तेव्हा त्यांच्या पत्नी, आमच्या नानी, साठीला टेकलेल्या असताना पदर खोचून गाडी शिकल्या. अट मात्र घातली. "माझ्या हातनं एक जरी वरखडा उठला, तर किल्ली तुमच्या हातात. मंग इकून टाका गाडी."

नानी शब्दाच्या पक्क्या. कधीतरी रागाच्या भरात चहा सोडला म्हणाल्या, तो आजवर तोंडाला लावलेला नाही. गाडी विकली तर नानांचं कोल्हारच्या पुलापर्यंतचं फिरणं, तिथली भेळ, वाटेतल्या प्रत्येकाच्या उसाला नावं ठेवणं, सगळंच संपलं असतं.

त्यानंतर मला एक गंमत दिसायला लागली. नाना रंगवायचे ती नेहमी डावीकडचीच चाकं, आणि तीही नानी दुपारी जरा आडव्या झाल्या की. मी कारण विचारलं. म्हणाले, "डाव्या अंगाला ऊन लई लागतंय. रंग टिकत न्हाई."

परवा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. नानी बाजार करून आल्या. अंगणात शिरायचं तर पाण्याच्या चारीवरची अरुंद मोरी ओलांडावी लागते. तिच्या दगडी कठड्याला डावं चाक असं खरवडलं, की लिंबावरचे कावळे उडाले.

नाना लगबगीने गेले आणि त्या चाकाला पाठ लावून फतकल मारून बसले. मीही मागोमाग गेलो.

नानी उतरल्या. "लागलं ना हो?"

"मोरीचा दगुड घासला. गाडीला काय न्हाई."

"उठा, बघू द्या."

"कंबरंत उसण भरलीय. उठता येत न्हाई."

नानींनी माझ्याकडे मान वळवली. मास्तर माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा भाबडा समज आहे. "तुमी सांगा."

"चाक झकास आहे," मी म्हणालो.

नानींनी किल्ली नानांपुढे धरली. "घ्या ही. मला नगं आता."

नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझे हात रंगानं भरल्यात. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. उद्या कोल्हारला जायचंय."

नानींनी किल्ली कनवटीला खोचली, पिशवी उचलली आणि आत गेल्या.

मी बाजूला उभा होतो, मला ते हात दिसत होते. रंगाचा एक ठिपका नव्हता. त्यातला एक, मागे न बघता, चाकावरचा नवा खड्डा हळूहळू चाचपत होता.